झुरळाचे पाय आणि यंत्राची धाव



एखादी गोष्ट मनातून काढून टाकायची असली की मराठीत आपण म्हणतो, झुरळासारखी झटकून टाकली. आज उलटं करायचं आहे. झुरळाला समोर घ्यायचं आणि बघायचं, की पायांवर चालणारी यंत्रं बनवताना माणूस ट्रकएवढ्या लोखंडी धुडापासून नखाएवढ्या यंत्रापर्यंत कसा आला. हा साधारण दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

हा विषय कोनमध्ये कशाला, असं कुणी म्हणेल. कारणं दोन आहेत. पहिलं कारण म्हणजे माग. इथल्या माणसाला ‘टायमिंग’ म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. ताण्याचे धागे उघडले, धोटा गेला, फणीनं ठोकलं. हा क्रम चुकला की धागा तुटतो. आज ज्या यंत्रांबद्दल बोलायचं आहे त्यांचा निम्मा जीव या टायमिंगमध्ये आहे.

दुसरं कारण सांगायला जड आहे. २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे पावणेचारच्या सुमाराला भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. तीन मजली इमारत होती, माणसं झोपेत होती. पाऊस सुरू असताना एनडीआरएफचे आणि ठाण्याच्या आपत्ती दलाचे जवान, श्वानपथकं, शेजारपाजारचे लोक काही दिवस ढिगारा उपसत होते. वीसहून जास्त माणसं जिवंत निघाली. चाळीसच्या आसपास गेली. पुढे २९ एप्रिल २०२३ ला माणकोलीजवळ वलपाड्यात आणखी एक इमारत पडली, त्यात आठ जण गेले. स्लॅब एकमेकांवर बसले की मधे दोन-चार बोटांच्या फटी राहतात. आत कुणी जिवंत आहे का, हे बघायला त्या फटीतून माणूस जात नाही, कुत्रं जात नाही. झुरळ जातं. आजचा सगळा इतिहास त्या फटीपर्यंत पोचणार आहे, एवढं लक्षात ठेवू या.

चाकाला रस्ता लागतो

आधी साधा प्रश्न. चाक असताना पाय कशाला? भिवंडीच्या गोदामात जा. गुळगुळीत फरशी, आखलेल्या गल्ल्या. तिथे चाकाइतकं स्वस्त आणि सरळ काही नाही. पण चाक आपल्याबरोबर एक अट घेऊन येतं, ती म्हणजे खाली सलग रस्ता हवा. चाकाला त्याच्या मार्गातला प्रत्येक इंच पार करावा लागतो. पायाचं तसं नाही. पायाला मधली जागा कशीही असली तरी चालते, टेकायला चार ठिकाणं मिळाली की झालं. बकरी कड्यावर चढते ती याच जोरावर.

हे माणसाला फार पूर्वीपासून दिसत होतं. पण पाय नेमका काय करतो, हे मात्र डोळ्यांना दिसत नव्हतं. आपल्याकडे शब्द आहे ‘चौखूर उधळणं’. चारही खूर एकदम हवेत असतात का? धावत्या घोड्याकडे कितीही टक लावून बघा, सांगता येत नाही. १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं अमेरिकेत पालो आल्टोला धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे लावले आणि भरधाव घोड्याचे एकामागून एक फोटो घेतले. उत्तर मिळालं, हो, चारही खूर एका क्षणी हवेत असतात. गंमत अशी की चित्रकार तोपर्यंत तो क्षण चुकीचा काढत आले होते. ते पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले असे दाखवायचे. फोटोत दिसलं की घोडा हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात.

त्याच वर्षी, १८७८ लाच, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात रशियन गणिती चेबिशेव यांनी चालणारं एक यंत्र मांडलं होतं. दांड्या आणि सांधे यांची अशी जुळणी, की एक चाक फिरवलं की चार पाय पाळीपाळीनं उचलले जातात आणि टेकले जातात. मागाच्या माणसाला हे लगेच कळेल. वरचा शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा एक घेतो, आणि टॅपेट ठरवतं की कोणी कधी हलायचं. चेबिशेव यांचं यंत्र सपाट जमिनीवर चाललं. खड्डा आला तर मात्र त्याला काही सुचणार नव्हतं, कारण त्याचं पाऊल लोखंडात कायमचं ठरलेलं होतं.

एका बाजूला जनावराच्या धावेचं पहिलं खरं चित्र, दुसऱ्या बाजूला पायाचं पहिलं नेटकं यंत्र, आणि दोन्ही एकाच वर्षी. पण या दोन गोष्टींची गाठ पडायला अजून शंभर वर्षं जायची होती.

लोखंडी धुडं

आता एकदम १९६० च्या दशकात येऊ. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत राल्फ मोशर यांनी सैन्यासाठी चार पायांचा ट्रक बनवला. उंची तीन मीटरच्या वर, वजन चौदाशे किलोच्या आसपास. आत एक माणूस बसायचा. त्याचे दोन हात म्हणजे पुढचे दोन पाय, त्याचे दोन पाय म्हणजे मागचे दोन. माणूस हलेल तसं यंत्र हलायचं. चाललं, अडथळे ओलांडले, जीपगाडीही ढकलली. पण आतला माणूस थोड्याच वेळात थकून जायचा. चार पायांचं टायमिंग एका माणसानं क्षणाक्षणाला सांभाळायचं म्हणजे चार माग एकट्यानं हातानं चालवण्यासारखं झालं.

मग पुढची पायरी सरळ होती. माणूस काढा, संगणक बसवा. रॉबर्ट मॅकघी यांनी साठच्या दशकात चार पायांचा एक छोटा यंत्रघोडा चालवून दाखवला, पुढे ओहायोत सहा पायांचं संगणकावर चालणारं यंत्र केलं. ऐंशीच्या दशकात तिथेच माणूस बसेल असं दोन टनांहून जड सहापायी वाहन तयार झालं. प्रत्येक पाय कुठे ठेवायचा याचा हिशेब संगणक करायचा, मग पाय टेकवायचा, मग पुढचा हिशेब. यंत्रं चालत होती, पण तोलून मापून, हळू. धावणं हा प्रकारच नव्हता.

यामागे एक समजूत होती, आणि ती आपल्यालाही पटेल अशीच आहे. चालणं अवघड आहे, म्हणजे त्याला डोकं जास्त लागणार. जितका संगणक मोठा, तितकं चालणं चांगलं. पुढचा सगळा इतिहास ही समजूत सुटत जाण्याचा आहे.

पहिला धक्का दिला मार्क रायबर्ट यांनी. १९८० मध्ये त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात पायांवरच्या संशोधनाची प्रयोगशाळा काढली, पुढे ती एमआयटीत गेली. त्यांनी पाय वाढवले नाहीत, कमी केले. एकच पाय ठेवला. एका पायाचं यंत्र उभं राहूच शकत नाही, त्याला उड्याच माराव्या लागतात. त्या पायात हवेच्या दाबाची स्प्रिंग होती. नियम तीनच. उडी किती उंच हवी, पुढे किती वेगानं जायचं, आणि अंग सरळ कसं ठेवायचं. एवढ्यावर ते यंत्र खोलीभर उड्या मारत फिरलं, धक्का दिला तरी सावरलं. मग त्याच नियमांवर दोन पायांचं, चार पायांचं धावलं.

धावणं म्हणजे चालण्याचा वेग वाढवणं नव्हे, हे यातून दिसलं. धावताना अंग चेंडूसारखं असतं. पाय टेकला की स्प्रिंग दबते, ताकद साठते, सुटताना तीच ताकद परत मिळते. प्राण्यांच्या अभ्यासकांनीही सत्तरच्या दशकात हेच मोजून ठेवलं होतं. माणूस, कांगारू, घोडा, कुत्रा, सगळे धावताना टप्पे खाणाऱ्या चेंडूसारखे वागतात.

लहान असण्याचा हिशेब

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं हवेत राहील. लहान प्राणी म्हणजे मोठ्या प्राण्याची छोटी प्रत नव्हे.

समजा एखाद्या प्राण्याची लांबी दसपट कमी केली. त्याच्या हाडाची, स्नायूची ताकद जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर असते, ती शंभरपट कमी होईल. पण वजन आकारमानावर असतं, ते हजारपट कमी होईल. म्हणजे वजनाच्या मानानं तो दसपट ताकदवान झाला. मुंगी आपल्यापेक्षा जड दाणा ओढते त्यात तिचा पराक्रम कमी आणि भूमिती जास्त आहे. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये हा हिशेब फार सुंदर मांडला होता. पुढे ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचा मुद्दा असा, की खोल खाणीत उंदीर पडला तर अंग झटकून निघून जातो, घोडा पडला तर त्याचं काही शिल्लक राहत नाही.

ही झाली फायद्याची बाजू. तोट्याची बाजू वेळेची. लांब दोरीचा झोका सावकाश हलतो, आखूड दोरीचा भराभर. पायाचंही तसंच. पाय आखूड झाला की सगळं लवकर घडतं. अमेरिकन झुरळ, म्हणजे आपल्या मोरीतलं ते मोठं तांबूस झुरळ, जोरात पळताना एका सेकंदात वीसहून जास्त वेळा पाय मागेपुढे करतं. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच. झुरळाचे पाय त्याच्या दसपट वेगानं चालले आहेत.

मग प्रश्न येतो, इतक्या कमी वेळात झुरळ विचार कधी करतं? पाय घसरला ही बातमी मज्जातंतूतून जायची, तिथून हुकूम यायचा, स्नायू आवळायचा. तोवर पुढचं पाऊल पडून गेलेलं असतं.

झुरळाच्या पाठीवर तोफ

हा प्रश्न कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात रॉबर्ट फुल या जीवशास्त्रज्ञानं हातात घेतला. १९९१ मध्ये त्यांनी आणि मायकेल टू यांनी झुरळाची धाव जलद कॅमेऱ्यानं टिपली आणि जमिनीवर पडणारा जोर मोजला. अमेरिकन झुरळ सेकंदाला दीड मीटर पळालं. ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे आपण झपझप चालतो तेवढं. ऐकायला कमी वाटेल. पण स्वतःच्या अंगाच्या लांबीत मोजा. सेकंदाला पन्नास अंगलांब्या! जगातला सर्वात वेगवान धावपटू सेकंदाला सहा-सात उंच्या जातो. आणखी एक अजब गोष्ट फिल्ममध्ये दिसली. वेग फार वाढला की झुरळ अंग वर उचलतं आणि चार पायांवर, शेवटी तर मागच्या दोन पायांवर पळतं.

साध्या धावेत झुरळाचे पाय तीन-तीनच्या गटानं पडतात. एका बाजूचा पुढचा आणि मागचा, दुसऱ्या बाजूचा मधला. अशी तिपाई टेकते, ती उचलते तेव्हा दुसरी टेकते. फुल यांच्या मोजमापातून दिसलं की ही तिपाई मिळून एकाच स्प्रिंगच्या पायासारखी वागते. म्हणजे झुरळ, घोडा आणि रायबर्ट यांचं एकपायी यंत्र, तिघांचं गणित एकच.

मग आला तो प्रयोग. डेव्हिन जिंड्रिच आणि फुल यांनी झुरळाच्या पाठीवर एक इवलीशी तोफ बसवली. खरीच तोफ, दारूची. झुरळ पळत असताना ती उडायची आणि झुरळाला बाजूला जोराचा धक्का बसायचा. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. झुरळ दहा-पंधरा मिलिसेकंदांत सावरायला लागायचं. एवढ्या वेळात मज्जासंस्थेकडून हुकूम येऊन त्याचा उपयोग होणं जवळजवळ अशक्य आहे. मग सावरलं कोणी?

सावरलं अंगानं. पायाची लवचीकता, सांध्यांचा चिवटपणा, पाय बाहेर फाकलेले असण्याची ठेवण. धक्का बसला की हे सगळं दबतं, आणि दबता दबताच अंग जागेवर आणतं.

हे ऐकायला जादू वाटेल, पण मागावर हे रोज घडतं. धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्या पेटीत वेगानं शिरतो. त्याला ‘आता थांब’ असा हुकूम कोण देतं? कुणीच नाही. तिथलं चामडं आणि पट्टी त्याचा जोर खाऊन टाकतात. चामडं सैल झालं तर कितीही हुशार मागवाला असो, धोटा उसळणारच. थांबवण्याची अक्कल त्या चामड्यात आहे.

अंगातच साठवलेल्या या अकलेनं यंत्र बनवणाऱ्यांची दिशा बदलली.

एक मोटर, सहा पाय

स्टॅनफर्डमध्ये मार्क कटकॉस्की यांच्या गटानं २००० च्या सुमाराला ‘स्प्रॉल’ नावाची यंत्रं बनवायला घेतली. त्यांनी झुरळाचं रूप उचललं नाही, तत्त्व उचललं. पाय बाहेर फाकलेले, सांध्याच्या जागी मऊ रबरासारखा पदार्थ, बाकी कडक. हे दोन पदार्थ स्क्रूनं जोडले नव्हते. साच्यात थरावर थर ओतून एकजीव केले होते, आणि मोटरही आतच गाडून टाकायची. पायाला कुठे खड्डा आहे हे कळत नव्हतं. फक्त ठरलेल्या तालावर पाय ढकलले जात होते. तरी हे यंत्र आपल्या कमरेएवढा अडथळा न थांबता ओलांडून जायचं.

त्यातलं ‘आयस्प्रॉल’ हे भाऊबंद २००६ मध्ये लोकांसमोर आलं. वजन तीनशे ग्रॅम, वेग सेकंदाला २.३ मीटर, म्हणजे पंधरा अंगलांब्या. आत मोटर एकच होती! ती एक क्रँक फिरवायची, आणि सायकलच्या ब्रेकच्या वायरीसारख्या वायरींमधून ती हालचाल सहा पायांना जायची. चेबिशेव यांचंच तत्त्व झालं की हे. एक शाफ्ट, ठरलेलं टायमिंग. फरक एवढाच, की त्यांचा पाय लोखंडी होता आणि हा लवचीक. १८७८ मध्ये जी अक्कल कमी पडली ती संगणकाची नव्हती, पायातल्या लवचीकपणाची होती.

त्याच काळात डॅनियल कोडिचेक, मार्टिन ब्यूलर, उलुच सारान्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आरहेक्स’ बनवलं. सहा पाय, सहा मोटरी. गुडघा नाही, घोटा नाही. पुढे त्याच्या पायांना विळ्यासारखा अर्धगोल आकार दिला, तो पाय गोल फिरतो आणि टेकला की दबतो. तीन-तीन पायांची तिपाई इथेही होती. हे यंत्र दगडगोट्यांतून, जिन्यावरून जायला लागलं. इतकं साधं की बघणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं. पण दोन टनांच्या विचारी यंत्राला जे जमलं नाही ते यानं केलं.

लग्नपत्रिकेसारखी घडी

आता पुढची अडचण. यंत्र आणखी लहान करायचं तर बेअरिंग, स्क्रू, गिअर लहान करावे लागतात. एका मर्यादेनंतर ते बनत नाहीत, आणि बनले तरी घर्षणातच सगळी ताकद खातात. झुरळाच्या पायात बेअरिंग नाही. तिथे कडक कवच आहे आणि सांध्याच्या जागी तेच कवच पातळ, मऊ झालेलं आहे.

बर्कलीतच रॉन फेअरिंग यांच्या प्रयोगशाळेत यावर तोडगा निघाला. कडक पातळ पत्रा किंवा पुठ्ठा घ्यायचा, मधे लवचीक प्लॅस्टिकचा पापुद्रा, लेझरनं हव्या तिथे कडक थर कापायचा. कापलेल्या रेषेवर तो दुमडतो, बाकी ताठ राहतो. लग्नपत्रिकेची घडी असते ना, तसंच. सपाट कापायचं आणि घडी घालून उभं करायचं. पॉल बर्कमायर, केव्हिन पीटरसन आणि फेअरिंग यांनी २००९ मध्ये अशा घड्यांचं ‘डॅश’ नावाचं यंत्र दाखवलं. लांबी दहा सेंटिमीटर, वजन सोळा ग्रॅम, वेग सेकंदाला दीड मीटर. म्हणजे अमेरिकन झुरळाच्या बरोबरीला आलं. मुख्य मोटर पुन्हा एकच. हाल्डेन यांचा हिशेबही खरा ठरला. डॅश अठ्ठावीस मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण नऊ मजल्यांवरून टाकलं, आणि ते खाली पडून चालायला लागलं.

पवईचा विद्यार्थी आणि फट

आता आपण फटीपाशी आलो. आणि इथे कोनहून फार लांब नसलेलं एक ठिकाण या गोष्टीत येतं, पवई.

कौशिक जयराम हे पवईच्या आयआयटी मुंबईतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. २००९ मध्ये तिथून बाहेर पडून ते बर्कलीला रॉबर्ट फुल यांच्याकडे गेले आणि तिथे त्यांनी पीएच.डी. केली ती जीवशास्त्रात. यंत्राच्या माणसानं जीवशास्त्राकडे जाणं, ही या विषयाची खूण म्हणायला हवी.

तोपर्यंत सगळे झुरळाच्या पळण्यामागे लागले होते. जयराम यांनी वेगळा प्रश्न विचारला. हा प्राणी दाराखालून जातो कसा? २०१६ मध्ये त्यांनी आणि फुल यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. अमेरिकन झुरळ तीन मिलिमीटरच्या, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढ्या फटीतून एका सेकंदाच्या आत पार होतं. त्यासाठी ते आपलं अंग निम्म्यापर्यंत दाबून घेतं. आत शिरल्यावर पाय टेकायला जागा नसते, म्हणून पाय बाजूला फाकवून, अंग घासत जातं, तरीही सेकंदाला वीस अंगलांब्यांच्या वेगानं. त्याच्या वजनाच्या जवळजवळ नऊशेपट भार घातला तरी त्याला इजा झाली नाही. कवच कडक आहे, पण ते तुकड्यातुकड्यांचं आहे आणि तुकडे मऊ पापुद्र्यानं जोडलेले आहेत. चिलखतासारखं मजबूत आणि तरी चटईसारखं दबणारं.

या तत्त्वावर त्यांनी ‘क्रॅम’ नावाचं यंत्र केलं. घड्यांचंच, तळहातावर मावेल एवढं. वरून दाबलं की त्याची उंची निम्म्यावर येते, पाय बाजूला पसरतात आणि ते दबलेल्या अवस्थेतही पुढे सरकत राहतं. लवचीकपणा आता पायातून अख्ख्या अंगात आला होता. हे यंत्र कशासाठी, तर कोसळलेल्या इमारतींत शोध घेण्यासाठी, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

पुढे जयराम हार्वर्डला रॉबर्ट वुड यांच्याकडे गेले. वुड हे फेअरिंग यांचे विद्यार्थी. तिथे ‘हॅमर’ नावाच्या चार पायांच्या यंत्रांची परंपरा होती. त्यांना मोटर नसते. स्वयंपाकघरातला गॅस लायटर आठवा. आतल्या स्फटिकावर दाब पडला की ठिणगी उडते. हे उलटंही होतं. तशा पदार्थाला वीज दिली की तो किंचित वाकतो. त्या किंचित वाकण्यावर पाय हलवायचे. २०२० मध्ये जयराम आणि वुड यांनी ‘हॅमर ज्युनिअर’ दाखवलं. लांबी सव्वादोन सेंटिमीटर, वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, वेग सेकंदाला चौदा अंगलांब्यांच्या आसपास. नंतर ते अमेरिकेतच कोलोराडो विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे हायको काबुट्झ या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी २०२३ मध्ये ‘क्लॅरी’ मांडलं. याचे चार पाय म्हणजे चार स्वतंत्र तुकडे, मऊ सांध्यांनी जोडलेले. गल्ली अरुंद झाली की हे यंत्र अंग चोरतं. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासची रुंदी दोनच्या जवळ येते आणि यंत्र लांबट होतं. झुरळ वरून दबतं, हे बाजूनं दबतं. फट आडवी असो की उभी, दोन्हींची सोय व्हायला लागली.

हिशेब कुठे आला

मग विचाराल, हे यंत्र उद्या आपल्या अग्निशमन दलाकडे येईल का? प्रामाणिक उत्तर, इतक्यात नाही. हॅमर ज्युनिअर पळतं ते वायरीच्या आधारानं, वीज बाहेरून येते. लहान अंगात बॅटरी मावते ती लहानच, आणि ती लवकर संपते. पळणं जमलं, पण ढिगाऱ्यात दिशा ओळखणं, माणसाचा श्वास किंवा ऊब ओळखणं, आणि सिमेंट-सळ्यांच्या थरांतून वर निरोप पाठवणं, हे इवल्याशा अंगात बसवायचं आहे. तीस वर्षांत पाय शिकले. डोळे, कान आणि पोट अजून शिकायचे आहेत.

म्हणून काही जणांनी वेगळीच वाट धरली. यंत्र झुरळासारखं होत नसेल तर झुरळालाच यंत्र जोडा. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात हिरोताका सातो यांनी मादागास्करच्या मोठ्या झुरळांच्या पाठीवर छोटी सर्किटं बसवली, त्यांना विजेच्या हलक्या इशाऱ्यांनी वळवता येतं, पाठीवर कॅमेरा असतो. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा सिंगापूरच्या बचाव पथकानं अशी दहा झुरळं बरोबर नेली आणि ढिगाऱ्यात उतरवली. म्हणजे आजही, खऱ्या ढिगाऱ्यापाशी, माणसानं बनवलेल्या पायांपेक्षा झुरळाचे स्वतःचे पाय भरवशाचे ठरतात. याच्याकडे कुणी हार म्हणून बघेल. मला ते मोजमाप वाटतं. आपण कुठवर आलो आणि किती बाकी आहे, ते त्यातून नीट कळतं.

या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, तरुण मुलांसाठी. या कामात प्रत्येक वेळी पुढे गेलेला माणूस आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचा होता किंवा बाहेर पडला होता. छायाचित्रकारानं घोड्याचा प्रश्न सोडवला, जीवशास्त्रज्ञानं इंजिनिअरांना पाय शिकवले, पवईच्या इंजिनिअरनं झुरळाचं अंग वाचलं. आणि कामाचं ज्ञान नुसतं कॉलेजात नसतं. कोणता भाग कडक हवा, कोणता सैल, सैल किती, टायमिंग एक दात पुढे की मागे, हे ज्याच्या हाताला कळतं तो या विषयात अडाणी नाही. आपल्या भागात लाखांनी माग आहेत आणि त्यांचे फिटर आहेत. लेझरनं कापलेल्या पुठ्ठ्याला घडी घालून पाय हलवणं हा प्रयोग शाळेतही होऊ शकतो, त्याला फार मोठं भांडवल लागत नाही.

दुसरी गोष्ट. ढिगाऱ्यातल्या फटीत शिरणारं यंत्र बनवणं मोठं काम आहे, ते व्हायलाच हवं. पण ते यंत्र पोचतं तेव्हा इमारत पडून गेलेली असते. झुरळानं आपल्याला शिकवलं की संकट आल्यावर डोकं चालवायला वेळ नसतो, सावरण्याची सोय अंगातच आधी करून ठेवावी लागते. इमारतीचं अंग म्हणजे तिचे खांब, तिचा पाया, तिची वेळेवर झालेली तपासणी आणि धोकादायक ठरल्यावर खरोखर रिकामी केलेली घरं, आणि त्या घरांतल्या माणसांना राहायला दिलेली दुसरी जागा. रात्री पावणेचारला नोटीस वाचायला कुणी जागं नसतं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.